खुर्चीच्या आधी बैठक

1929 च्या नोव्हेंबर महिन्यात दक्षिण-पूर्व नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची एक बाई आपल्या अंगणात पाम तेल काढत होती. मार्क एमेरुवा नावाचा माणूस तिच्याकडे आला. तो खरं तर शाळामास्तर, पण त्या दिवशी इंग्रजांनी नेमलेल्या चीफ ओकुगोने त्याला मोजणीच्या कामाला लावलं होतं. तो तिला म्हणाला की तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि घरातली माणसं मोजून दे. ती उलट म्हणाली, तुझ्या आईला मोजलं होतं का? दोघांची झटापट झाली आणि ती तशीच उठून गावच्या चौकात गेली, आणि तिथे बायकांची मीटिंग आधीपासून चालू होती.

हे शेवटचं वाक्य बहुतेक जण सांगत नाहीत. एका बाईच्या धाडसाची गोष्ट म्हणून हे सगळीकडे येतं आणि ती धाडसी होतीच, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती चौकातली मीटिंग, कारण त्या बायकांचं आधीच ठरलेलं होतं की जोवर इंग्रज सरकारचे टॅक्सवाले पुरुषांकडेच जातायत तोवर आपण काही करायचं नाही, पण ज्या दिवशी एका जरी बाईला विचारतील त्या दिवशी सगळ्यांना निरोप पाठवायचा. म्हणजे न्वान्येरुवा चौकात धावत गेली ती मदत मागायला नव्हे, ती खबर द्यायला गेली. निर्णय तयार होता. मग पामच्या झावळ्या हातोहात गावोगावी फिरल्या, झावळी मिळाली की निघायचं हा त्यांचा ठरलेला इशारा, आणि थोड्याच दिवसांत हजारो बायका ओलोकोला जमल्या.

मी महिला सरपंच आणि सदस्यांची ट्रेनिंग घेते, बरीच वर्षं घेतेय, म्हणून हा विषय माझ्या मनातून जात नाही. "बाई आणि राजकीय नेतृत्व" या मथळ्याखाली जगभरच्या समाजांबद्दल जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, तिथे बाई राज्य करायची का? राणी होती का, मुखिया होती का? हो म्हटलं की मातृसत्ता, नाही म्हटलं की पुरुषसत्ता, विषय संपला. ओलोकोच्या या इग्बो लोकांची गोष्ट वाचल्यापासून मला तो प्रश्नच अपुरा वाटतो.

तर इग्बो लोकांबद्दल थोडं सांगते. यांच्या बहुतेक गावांत राजा नव्हता, चीफ नव्हता. निर्णय व्हायचे ते गावसभेत, बोलून बोलून, आणि ज्याच्या शब्दाला वजन त्याचं लोक ऐकायचे, तेही तो शहाणं बोलतोय तोवरच. या मोठ्या सभेत पुरुषांचा आवाज जास्त होता हे मान्यच करायला पाहिजे. मानाच्या पदव्या घ्यायला पैसा लागायचा, तो पुरुषांकडे जास्त, याम नावाच्या कंदाचं पीक पुरुषांचं आणि यामलाच प्रतिष्ठा. म्हणजे कुणी समतेचा स्वर्ग म्हणून हे रंगवू नये. पण त्याच्या शेजारी बायकांच्या स्वतःच्या दोन रचना होत्या. एक लेकींची, म्हणजे त्या कुळात जन्मलेल्या आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायकांची, त्यांना उमुआदा म्हणतात, माहेरच्या भांडणात आणि मयतीत यांचा शब्द फार जड. दुसरी सुनांची, म्हणजे गावात लग्न होऊन आलेल्या बायकांची बैठक. या दुसऱ्या बैठकीत बाजाराचे नियम ठरायचे, पुरुषांची गुरं बायकांच्या पिकात घुसली तर काय करायचं ते ठरायचं, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं तेही ठरायचं.

आणि ठरलेलं अमलात आणायची सोय त्यांच्याकडे होती. पुरुषावर बसणं म्हणायचे त्याला. आधी त्या माणसाला सांगून बघायचं, मोठ्यांकडून निरोप पाठवायचे. नाही ऐकलं तर सगळ्या बायका मिळून त्याच्या अंगणात जायच्या, रात्रभर नाचायच्या, त्याने काय केलंय ते गाण्यातून सगळ्या गावाला ऐकवायच्या, त्याच्या पुरुषपणावर सुद्धा गाणी, मुसळांनी त्याच्या झोपडीच्या भिंती बडवायच्या, फारच झालं तर छप्पर पाडायच्या. तो माफी मागेपर्यंत आणि सुधारायचं कबूल करेपर्यंत हे चालायचं. आणि दुसरे पुरुष मधे पडत नसत. त्यानेच ओढवून घेतलंय असं म्हणत. हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे, कारण यावरून कळतं की हा बायकांचा गोंधळ नव्हता, गावाने मान्य केलेली शिक्षा होती, ती द्यायचा अधिकार बायकांच्या बैठकीला होता आणि तो सगळ्यांना माहीत होता.

आता टॅक्सकडे येऊ. 1900 नंतर इंग्रज इथे आले तेव्हा त्यांना प्रश्न पडला की बोलायचं कुणाशी. उत्तर नायजेरियात अमीर, म्हणजे मुसलमान राजे, होते, त्यांच्यामार्फत राज्य करायची पद्धत लुगार्ड या इंग्रज गव्हर्नरने बसवली होती, तीच पद्धत इथे आणायची तर चीफ पाहिजे, आणि चीफ तर नाहीत, मग त्यांनी ते बनवले. एकेकाला वॉरंट म्हणजे नेमणुकीचं पत्र दिलं, अधिकाराची खूण म्हणून टोपी दिली, नेटिव्ह कोर्टात बसवलं. गावाने कधी निवडलेलं नाही, गाव काढूही शकत नाही. या वॉरंट चीफांनी काय केलं असेल ते सांगायला नको, लाच, जमिनी, बायकांना न विचारता लग्नं, बाजारातून मनाला येईल त्या भावाने माल उचलणं. 1926 मध्ये माणसं मोजली तेव्हा टॅक्ससाठी नाही असं सांगितलं होतं आणि 1928 मध्ये पुरुषांवर टॅक्स आला. त्यामुळे 1929 मध्ये पुन्हा मोजणी, आणि ती पण बायकांची आणि शेळ्यांची, म्हटल्यावर बायकांनी जो अर्थ काढला तो अनुभवावरूनच काढला. त्यात पाम तेलाचे भाव उतरलेले आणि बाहेरून येणाऱ्या वस्तू महागलेल्या. ते तेल काढणं आणि विकणं हे मुख्यतः बायकांचं काम, म्हणजे सगळा मार घरातल्या बाईच्या गाठीच्या पैशावर.

ओलोकोच्या बायकांनी ओकुगोवर तसंच केलं जसं मारकुट्या नवऱ्यावर करायच्या. त्याच्या दारात बसल्या. मग जिल्ह्याच्या साहेबाच्या कचेरीसमोर बसल्या, त्याची टोपी काढून घ्या म्हणाल्या. ओकुगोला अटक झाली, खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि ही बातमी पसरल्यावर ओवेरी आणि कलाबार प्रांतात गावोगावी बायका उठल्या, त्यात इग्बोच नाही, शेजारच्या इबिबिओ वगैरे बायका पण होत्या. तोंडाला कोळसा किंवा राख फासलेली, डोक्याला नेच्याची कोवळी पानं बांधलेली, हातात झावळी गुंडाळलेल्या काठ्या. हा सगळा त्यांचा जुना, ठरलेला पेहराव होता. कोर्टं जाळली, पाडली, वॉरंट चीफांच्या टोप्या मागितल्या. डिसेंबरात सैन्याने गोळीबार केला. 50 पेक्षा जास्त बायका मेल्या, त्यातल्या 30 हून जास्त एकट्या ओपोबोला. त्यांना वाटत नव्हतं की सैनिक बायकांवर गोळ्या झाडतील. त्यांच्या हिशोबात त्या लढाई करत नव्हत्या, त्या त्यांचा हक्काचा दंड करत होत्या, आणि या दंडाच्या मधे पुरुष पडत नसतात हा नियम त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. समोरच्याला तो नियम ठाऊकच नव्हता.

नंतर चौकशी कमिशन बसलं. बऱ्याच अधिकाऱ्यांना खात्री होती की यामागे पुरुष असणार, इतक्या गावांतल्या इतक्या बायका आपल्या आपण कशा उठतील? मला याचं उत्तर वाचताना सगळ्यात जास्त थांबायला झालं. इग्बो समाजात मुलगी लग्न करून दुसऱ्या गावात जाते, वंश बापाचा चालतो. अगदी आपल्यासारखं, माहेर एका गावात आणि सासर दुसऱ्या. आपण नेहमी म्हणतो की यामुळे बाई एकटी पडते, तिची माणसं लांब राहतात, आणि ते खरंच आहे. पण तिथे हेच त्यांचं जाळं झालं होतं. प्रत्येक गावात आजूबाजूच्या गावांच्या लेकी सुना म्हणून आलेल्या, इग्बोंचा आठवडा चार दिवसांचा आणि त्या त्या दिवशी त्या त्या गावचा बाजार, बाजार बायकांचाच, म्हणजे दर काही दिवसांनी दहा गावच्या बायका एका जागी भेटायच्या. इंग्रजांच्या टपालापेक्षा हे जाळं फास्ट होतं. पुरुष आपापल्या कुळात, आपापल्या गावात राहिलेले, त्यांना असं जाळं कुठून असणार? जी गोष्ट आपल्याकडे बाईची कमजोरी म्हणून मोजली जाते तीच तिथे ताकद होती, आणि फरक एवढाच की तिथे सुनांची बैठक होती. माहेर सासर दोन्हीकडे आहे, बैठक आपल्याकडे नाही.

नाही म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. आपल्याकडे बायका एकत्र यायच्या त्या भोंडल्याला, हळदीकुंकवाला, दळणाला, आणि जात्यावरच्या ओव्यांमधे सासूवर, नवऱ्यावर, भावावर जे जे म्हटलंय ते गाण्यातला निवाडाच आहे. पण तो निवाडा त्या खोलीतच राहायचा. मुसळ घेऊन दारात जायची गावाने मान्य केलेली सोय नव्हती. 1970 च्या दशकात शहाद्याकडे भिल्ल बायकांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना भर गावात जाब विचारला, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, ते वाचताना मला ओलोको आठवतं. पण त्या चळवळी होत्या, चळवळ ओसरते. इग्बो बायकांची बैठक ही चळवळ नव्हती, ती दर काही दिवसांनी भरणारी नेहमीची गोष्ट होती, म्हणून तर गरज पडली तेव्हा तयार सापडली.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी सुधारणा केल्या आणि त्या मनापासून केल्या असंही म्हणता येईल. अभ्यास करायला माणसं पाठवली, 1934 मध्ये सिल्व्हिया लीथ-रॉस आणि मार्गारेट ग्रीन या दोघी खास इग्बो बायकांचा अभ्यास करायला गेल्या. 1933 पासून वॉरंट चीफांची पद्धत मोडून कोर्टात गावच्या जास्त माणसांना बसायला जागा दिली. थोड्या ठिकाणी त्यात बायकाही बसल्या, पण थोड्याच. आणि त्याच सुधारणांमध्ये एक गोष्ट झाली जी अमेरिकन अभ्यासक ज्युडिथ व्हॅन ॲलन यांनी 1972 साली नीट दाखवून दिली, की नव्या कायद्यात कुणीही आपल्या हाताने दंड करायचा नाही असं ठरलं. दंड करायचा तर कोर्टात जा. ऐकायला किती रास्त वाटतं ना, पण याचा अर्थ असा झाला की पुरुषावर बसणं हा आता गुन्हा. बायकांच्या बैठकीचे नियम उरले, ते पाळायला लावायचं साधन गेलं. मिशनऱ्यांनी बाकीचं काम केलं. बैठकीतल्या जुन्या पूजाविधींना ख्रिस्ती झालेल्या बायकांनी जायचं नाही, शाळेत मुलांना लिहायवाचायला शिकवून क्लार्क करायचं आणि मुलींना शिवण-टिपण, संसार. एका पिढीत बैठक पोकळ झाली.

नायजर नदीच्या पश्चिमेला असलेल्या इग्बोंकडे तर राज्यकारभारच जोडीचा होता. पुरुषांचा ओबी, बायकांची ओमू. ओमू ही ओबीची बायको नव्हे, हे कामेने ओकोंजो या नायजेरियन समाजशास्त्रज्ञांनी ठासून लिहिलंय. तिचं स्वतःचं मंत्रिमंडळ, बाजार तिच्या देखरेखीखाली, भाव, भांडणं, दंड सगळं तिच्याकडे. इंग्रजांनी ओबीला मान्यता दिली आणि महिन्याचा पगार सुरू केला. ओमूला काही नाही. तिच्याविरुद्ध कुणी एक शब्द काढला नाही, तिला हटवलं नाही, फक्त एका बाजूला पगार सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूला नाही. सत्ता काढून घ्यायला एवढं पुरतं.

याच्या उलट गोष्ट अहेबी उगबाबेची. ही एनुगू-एझिके गावची. बापाच्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून तिला देवतेला वाहायचं ठरलं होतं, म्हणजे देवतेशी लग्न, आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. ती पळून इगाला मुलुखात गेली, तिथे भाषा शिकली, पैसा कमावला, माणसं जोडली, आणि इंग्रज आले तेव्हा त्यांच्याबरोबर गावी परत आली. त्यांनी तिला वॉरंट चीफ केलं, सगळ्या वसाहतीच्या नायजेरियात अशी ती एकटीच बाई, आणि पुढे तर ती राजा झाली, राणी नाही, राजा, पुरुषाच्या सगळ्या मानासकट. पण मग तिने स्वतःचा मुखवटा गावात आणायचं ठरवलं. मुखवटा म्हणजे पूर्वजांचा आत्मा गावात येतो तो, आणि ते फक्त पुरुषांचं क्षेत्र. तिथे गावच्या पुरुषांनी तिला अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल तिच्याविरुद्ध लागला. ती 1948 मध्ये गेली. न्वांडो अचेबे यांनी तिचं चरित्र खपून लिहिलंय. मी अहेबीला कमी लेखत नाही, काय बाई असेल! पण बघा, ज्या वॉरंट चीफच्या टोपीविरुद्ध दक्षिणेकडच्या बायका मेल्या तीच टोपी तिच्या डोक्यावर होती. ती एकटी वर गेली आणि ज्या दिवशी पुरुषांनी ठरवलं की आता बास, त्या दिवशी तिच्या मागे उभी राहील अशी बायकांची कुठलीच सभा नव्हती. टोपी देणारा साहेब, आणि तोही या बाबतीत तिच्या बाजूने नाही.

इरावती कर्व्यांमुळे आपल्याला मानववंशशास्त्र म्हटलं की नातेसंबंध आठवतात, वंश कुणाचा, मालमत्ता कुणाची, मामाचा मान काय. त्या वाटेने गेलं की पहिलं नाव येतं ते मेघालयातल्या खासी लोकांचं. आडनाव आईचं, घर धाकट्या लेकीचं, तिला खड्डूह म्हणतात. सोशल मीडियावर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी टाकतंच की भारतात इथे बायकांचं राज्य आहे. पण खासी गावाचा कारभार चालतो दोरबारात, म्हणजे गावसभेत, आणि त्या दोरबारात परंपरेने बायकांना बसायला परवानगीच नव्हती. कोंबडी आरवली तर जगाचा अंत जवळ आला अशी त्यांच्यात म्हण आहे. मालमत्ता लेकीच्या नावावर, तिचा कारभार मामाच्या सल्ल्याने, आणि गावचा मुखिया रांगबाह श्नोंग, तो पुरुष. सिएम म्हणजे राजा, ते पद मामाकडून भाच्याकडे जातं, म्हणजे वाट बाईतून जाते पण बसतो पुरुष. अर्थात खिरिम या खासी संस्थानात सिएमची बहीण, सिएम साद, मुख्य पुजारीण असते आणि नोंगक्रेमचा उत्सव तिच्याशिवाय होत नाही, तिचा मान खोटा नाही. आणि 1952 च्या पहिल्याच लोकसभेत बोनिली खोंगमेन ही खासी बाई खासदार होती. तरी मेघालयाच्या 60 जणांच्या विधानसभेत 2018 ला 3 बायका आणि 2023 ला पण 3. अलीकडे काही दोरबारांत बायका बसायला लागल्यात, त्यांनी भांडून ती जागा मिळवली आहे.

म्हणजे बाईच्या नावावर घर असणं एक, आणि गावाच्या निर्णयात तिचा शब्द चालणं वेगळं, यातलं एक दुसऱ्याबरोबर आपोआप येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची मोहीम झाली तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि आजही होतो, फक्त तेवढ्यावर थांबता येणार नाही असं खासी बायका सांगतायत.

तिसरीकडे, उत्तर अमेरिकेत, हौडेनोसौनी. इंग्रजीत यांना इरोक्वॉय म्हणत आले. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ, 1722 च्या सुमाराला टस्करोरा सहावे आले. यांच्या महासभेत 50 प्रमुख बसायचे आणि सगळे पुरुष. त्यामुळे नुसतं बघणारा म्हणणार की इथेही पुरुषांचंच राज्य. पण प्रत्येक प्रमुखाला निवडते कुळमाता, म्हणजे कुळातली वडीलधारी बाई, आणि तो नीट वागला नाही तर ती त्याला समज देते, पुन्हा देते, तिसऱ्यांदा देते आणि मग काढते. पदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं, ती उतरवली की तो साधा माणूस. त्यांच्या कथेप्रमाणे शांतीचा संदेश घेऊन आलेल्या महापुरुषाचं म्हणणं सगळ्यात आधी जिने मान्य केलं ती जिगोनसासेह ही बाई, म्हणून प्रमुख निवडायचं काम बायकांकडे आलं. आणि हा नुसता मान नव्हता, मका, घेवडा, भोपळा सगळी शेती बायकांच्या हातात, साठवण बायकांच्या हातात. ज्युडिथ ब्राउन यांनी 1970 मध्ये दाखवलं की पुरुषांना युद्धावर जायचं असेल तर वाटेची शिदोरी बायका देणार, आणि युद्ध पसंत नसेल तर त्या ती देत नसत.

1848 मध्ये न्यूयॉर्कच्या सेनेका राष्ट्राने जुनी प्रमुखांची पद्धत सोडून मतदानाने निवडलेलं सरकार आणलं. जुने प्रमुख जमिनी विकण्यात सामील झाले म्हणून लोक चिडलेले होते, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण नव्या पद्धतीत मत पुरुषांना. सेनेका बायकांना स्वतःच्या राष्ट्रात मत द्यायचा हक्क मिळाला 1964 साली. आणि ग्रँड रिव्हरला, म्हणजे हौडेनोसौनींच्या कॅनडातल्या वस्तीत, 1924 मध्ये कॅनडा सरकारने जुनी सभा बंद करून निवडणुकीचं कौन्सिल आणलं, तिथल्या कायद्याने बायकांना 1951 पर्यंत मत नव्हतं. लोकशाही आली आणि ज्या बायका प्रमुखाला पदावरून उतरवत होत्या त्यांना साधं मतही उरलं नाही, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते. आपल्या डोक्यात असं पक्कं बसलंय की पूर्वी बाई घरात होती आणि आधुनिक राज्याने तिला बाहेर काढलं, आणि आपल्या बाबतीत त्यात खूप तथ्य आहे, मी स्वतः त्यामुळेच शिकले. पण सगळ्या जगाची गोष्ट तीच नाही.

अभ्यासकांनाही हे उशिरा दिसलं. मलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथल्या कुला नावाच्या देवघेवीबद्दल लिहून त्याने नाव कमावलं, आणि 1971 मध्ये ॲनेट वाईनर तिथे गेल्या तर पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं की मयतीनंतर बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि घागरे यांची प्रचंड वाटावाटी करतायत, ढीगच्या ढीग, आणि ती बायकांची स्वतःची संपत्ती आहे, पुरुषांची पत त्यावर अडलेली आहे. मलिनोव्स्कीने ते पाहिलं असणार, पण त्याला ते अर्थकारण वाटलंच नाही. मिशेल रोझाल्डो या मानववंशशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलं की सगळीकडे बाई घराशी आणि पुरुष सार्वजनिक जगाशी जोडला जातो म्हणून असमानता येते, आणि 1980 मध्ये त्यांनीच लिहिलं की अशी एकच सगळीकडे लागू पडणारी चौकट आपल्याला पुढे नेत नाही. मला या दोन्ही लेखांमधलं अंतर आवडतं, विचार करणारं माणूस असं चालतं.

आता आपल्या गावात येते. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. मी या आरक्षणाच्या बाजूने आहे, पूर्ण बाजूने. ज्यांना वाटतं की यातून फक्त सरपंचपती निघाले त्यांनी एकदा ट्रेनिंगला येऊन बसावं. पहिल्या दिवशी डोक्यावरचा पदर न सोडणारी बाई दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला "भाऊसाहेब, हे बिल मला दाखवल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही" असं बोलते हे मी पाहिलेलं आहे. नागालँडमध्ये नगरपालिकेतल्या 33 टक्के जागांवरून 2017 मध्ये जाळपोळ झाली, आमच्या परंपरेत बाई निर्णयाला बसत नाही हे कारण, आणि 1963 ला झालेल्या त्या राज्यात पहिल्या दोन महिला आमदार आल्या त्या 2023 मध्ये, तेव्हा आपल्याकडे हे शांतपणे झालं याची किंमत मला कळते.

पण आपण दिली ती खुर्ची. एकेका बाईला एकेक खुर्ची, आणि तीही रोटेशनने, पाच वर्षांनी जाणारी. तिच्यामागे बैठक दिली नाही. एक सरपंचताई मला म्हणाली होती, "मॅडम, मी सही करायला बसले की सगळे पुरुष समोर, माझ्या बाजूची एक बाई तिथं नसते, मग मी कुणाच्या जिवावर नाही म्हणू?" तिचा नवरा चांगला माणूस होता, तो मधे मधे करत नव्हता, तरी तिची ही अडचण होती. यावर सगळे म्हणतात हिला ट्रेनिंग द्या, कॉन्फिडन्स द्या. कॉन्फिडन्स तिच्याकडे ढीग होता. ओलोकोच्या न्वान्येरुवाला कुणी कॉन्फिडन्सचं ट्रेनिंग दिलं नव्हतं, तिला माहीत होतं की चौकात बायका बसलेल्या आहेत.

कागदावर बैठक आपल्याकडे आहे हो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्ये होते, घरोघर वही फिरते आणि सह्या होतात. जिथे खरी भरते तिथेही तिने ठराव केला तर पुढे त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. ओमूच्या पगारासारखंच आहे हे, कुणी विरोध करत नाही, फक्त पुढे काही घडत नाही. बचत गटांची बैठक मात्र खरी असते, दर महिन्याला भरते, पैसे असतात, हिशोब असतो, आणि गावातली कुठली सून किती अडचणीत आहे ते तिथे सगळ्यांना माहीत असतं. इग्बो सुनांच्या बैठकीच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच आहे असं माझं मत आहे. पण गटाच्या मीटिंगमधे गावाच्या कारभाराचं बोलायचं नाही अशी एक न लिहिलेली शिस्त आहे, राजकारण नको म्हणून. ती शिस्त कुणाच्या सोयीची आहे हे तपासायला पाहिजे.

एकाच ठिकाणी आपल्या राज्याने गावातल्या बायकांना बायका म्हणून, एकत्र, अधिकार दिलाय. आडवी बाटली. गावातल्या बायकांनी मागणी केली की मतदान होतं, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दारूचं दुकान बंद. तिथे खुर्चीवर कोण आहे, सरपंच बाई आहे का पुरुष, याने फरक पडत नाही. त्या मतदानाच्या आधीचे आठ-पंधरा दिवस गावात राहून बघावेत, शेतावरून आलेल्या, मजुरीवरून आलेल्या बायका रात्री दारोदार फिरतात, दुकानवाल्याची माणसं दमदाटी करतात, घरात मारही खातात काही जणी, आणि तरी रांगा लागतात. निम्म्या महिला मतदार म्हणजे सोपं नाही, कितीतरी गावांत थोडक्यात हुकतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

हा अधिकार फक्त दारूपुरताच का, हे मी ट्रेनिंगमध्ये विचारते. पाण्याची टाकी कुठे बांधायची, शाळेच्या रस्त्यावर दिवे कधी लागणार, रेशन दुकान कुणाला द्यायचं, बायकोला मारून घराबाहेर काढणाऱ्याला गावाने काय करायचं, यातल्या एकाही गोष्टीवर गावातल्या सगळ्या बायकांचा मिळून असा शेवटचा शब्द नाही. मागच्या वेळी हे विचारलं तेव्हा मागच्या रांगेतली एक वयस्कर मावशी उठून म्हणाली की आधी ती महिला सभेची वही घरोघरी फिरवणं बंद करा, आम्ही देवळात येऊन बसतो, किती वाजता ते सांगा. त्यावर तिथेच सगळ्याजणी बोलायला लागल्या, देवळात नको शाळेत, सकाळी नको संध्याकाळी, सुगीत नको, आणि पुढचा तासभर मला काही शिकवावं लागलं नाही.